दोन हात आखूड

सुबान मूळचा कोराटकडचा. लग्न झालं आणि तो बायकोच्या गावी, बान दोंगखामला, राहायला आला. तिकडे जावयानंच सासरी यायची रीत, त्यामुळे घरजावई म्हणवून घेण्यात कमीपणा काहीच नव्हता. गावातले निम्मे पुरुष घरजावईच. पण बाकीचे आले होते शेजारच्या गावातून, फार तर त्याच्या पलीकडच्या. सुबान आला होता बसनं सहा तास लागतात तिथून. त्याचा हेल ऐकून बायका तोंडावर हात धरून हसायच्या. आठ वर्षं झाली, दोन मुली झाल्या, गावातली एकूण एक पाण्याची मोटार त्याच्या हाताखालून गेली, तरी विहाराच्या मंडपात पुरुष बसले की त्याला हाक यायची ती "या जावईबापू" अशीच. हाक प्रेमाची होती. सुबानला ती टोचायची.

हात मात्र त्याचा वाखाणण्यासारखा. जळलेली मोटार उघडावी, तार नव्यानं गुंडाळावी आणि दुपारच्या आत पंप चालू करून द्यावा. फटफटीचं दुखणं तो नुसत्या आवाजावरून सांगायचा. दोष एकच, घाई. आणि तो दोष आहे हे त्याला पटत नसे.

"काम लवकर झालं म्हणजे वाईट झालं असं कुठं आहे?" तो बायकोला विचारायचा.

"वाईट नाही रे," लामदुआन म्हणायची, "पण तू जेवतोस पण तसाच."

वैशाखात खाचरांना भेगा पडल्या की आभाळातल्या राजाला पावसाची आठवण करून द्यायची, म्हणून अग्निबाण सोडायचे. दोंगखामचे बाण ओन आजोबा करायचे. सत्तरी उलटलेली, अंगानं काटकुळे. मठात श्रामणेर असताना ते थोरल्या भंत्यांकडून ही विद्या शिकले होते. त्यांचे नियम पोरांना तोंडपाठ. बाणात भरायची दारू आणि प्यायची दारू एका छपराखाली यायची नाही. पिऊन आलेल्यानं मंडपाची पायरीसुद्धा चढायची नाही. घाई असेल त्यानं घरी जावं. बाण टांगून बघितल्याशिवाय सोडायच्या माचावर चढवायचा नाही. आणि एकदा टांगून बघितला की मग त्याला नखसुद्धा लावायचं नाही.

गावाचा म्हणून आणखी एक नियम होता, ओन आजोबांच्याही आधीचा. बाईनं बाण ओलांडायचा नाही. ओलांडला तर विटाळतो.

सुबान तीन वर्षं ओन आजोबांच्या हाताखाली राबला. बांबू तासले, दोऱ्या वळल्या, कागदाची नक्षी चिकटवली. चौथ्या वर्षी आजोबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले आणि त्यांनी मंडपात सगळ्यांसमोर सांगितलं, "तीन बाणांतला मधला या खेपेला सुबानचा. मी बसून राहीन."

सुबान त्या दिवशी घरी आला तो दोन्ही मुलींना खांद्यावर घेऊन नाचला.

महिनाभर त्यानं घाई केली नाही. खरंच केली नाही. आजोबा सांगतील तसं, सांगतील तितकंच. दुपारी कामपुन जेवण घेऊन यायची. कामपुन चाळिशीची विधवा, शाळेच्या फाटकाशी कोंबडी भाजून विकायची. बाण करणाऱ्यांना दरसाल तीच चिकट भात आणि कच्च्या पपईचं कुटलेलं तिखट आणून द्यायची. पुण्य लागतं म्हणून. तोंडानं फटकळ होती.

"जावईबापू, तुमचा बाण कोराटला जाऊन पडला तर सासुरवाडीचं नाव काढाल!"

"कामपुनताई, पपईत मिरच्या किती टाकल्यात? बाण राहू दे, आधी मीच उडेन."

मंडप हसायचा. सुबानला वाटायचं, आता आपण यांच्यातलेच.

उत्सवाच्या आदल्या दिवशी बाण टांगला. दारू भरलेल्या नळीच्या बुडाखाली चार बोटं सोडून दोरी बांधायची आणि आडव्या तुळईला अडकवायचं. बाण आडवा स्थिर राहिला तर ठीक. डोकं खाली गेलं तर शेपूट आखूड, शेपूट खाली गेली तर शेपूट जड. सुबानचा बाण तराजूच्या दांडीसारखा राहिला. शेपूट म्हणजे मागचा लांब बांबू, ओन आजोबांच्या हातानं मोजून नऊ हात.

"नऊच का, आजोबा?"

"माझ्या गुरूंनी नऊ सांगितले."

"पण का?"

"ते नाही सांगितलं. झोप आता."

सुबानला झोप आली नाही. नळी वजनाला एवढीशी आणि मागं हे नऊ हातांचं लोढणं! फटफटीच्या शर्यतीला पोरं आधी काय करतात? मडगार्ड काढतात, मागची सीट काढतात. वजन उतरवलं की गाडी पळते, हे त्यानं शंभरदा पाहिलं होतं. गेल्या साली शेजारच्या गावचा बाण ढगात गेला आणि तो खाली येईपर्यंत लोक आकडे मोजून दमले. तसा आपला गेला तर? मग कोण म्हणेल जावईबापू?

फटफटायच्या आधी तो उठला, मंडपात गेला आणि आरीनं शेपटीचे दोन हात उतरवले. मिनिटभराचं काम. कापलेल्या टोकाला माती चोळली, तुकडा घरी आणून जिन्याखाली सरपणात टाकला. पुन्हा टांगून बघायला हवं होतं. टांगायला दोन माणसं लागतात, आणि दुसरा माणूस आला असता तर त्यानं विचारलं असतं. म्हणून टांगलं नाही.

दुपारी माचाभोवती सगळा मुलूख लोटला. ढोल, झांजा, गाण्याचे ट्रक, ताडपत्रीच्या सावल्या. पहिला बाण बरा गेला. मग सुबाननं आपल्या बाणाची वात पेटवली आणि धावत मागं आला.

बाण सुटला. ताडाच्या दुप्पट उंचीपर्यंत सरळ गेला आणि तेवढ्या वेळात सुबानला वाटलं की आपण जिंकलो. मग शेपूट डुलली. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि पाठीवर थाप बसल्यासारखा आख्खा बाण वळला. तोंड जमिनीकडे, मागं धुराचा लोट. माणसांच्या डोक्यांवरून किंचाळत तो ट्रकांच्या रांगेकडे गेला आणि दिसेनासा झाला. धडाका तेवढा ऐकू आला.

मग हशा फुटला. बाण फसला की करणाऱ्याला चिखलात लोळवायचं. खड्डा सकाळीच पाणी घालून तयार ठेवलेला असतो. चारपाच जणांनी सुबानला हातापायांनी उचललं आणि "जावयाला आंघोळ घाला रे!" म्हणत फेकलं. तोंडात चिखल गेला. कुणीतरी वरून भाताच्या दारूचा पेला ओतला. सुबान हसत होता. सगळे हसतात तेव्हा हसायचं असतं म्हणून हसत होता, आणि त्यातच त्यानं ऐकलं, ट्रकांकडून धावत येणारा कुणीतरी ओरडत होता, "माणूस भाजलाय! अरे, माणूस भाजलाय तिकडं!"

हसणारे सगळे पळाले. सुबान खड्ड्यात एकटाच उरला. त्याला उठता येईना असं नव्हतं. उठून कुठल्या तोंडानं जायचं, ते कळत नव्हतं.

भाजलेला माणूस वान्दी, गाण्याच्या ट्रकाचा ड्रायव्हर, पलीकडच्या गावचा. डावा हात खांद्यापासून बोटांपर्यंत. त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. बाणाचा कोळसा झाला होता, शेपटीच्या चिरफळ्या सगळ्या खाचरभर. मोजणार कोण आणि काय?

संध्याकाळी पुरुष मंडपात जमले. बाण टांगला होता, सगळ्यांनी पाहिला होता, मग फिरला कसा? ओन आजोबा खांबाला टेकून बसले होते, एक शब्द बोलले नाहीत. गावचा मुखिया सहज म्हणाला, "कुणी ओलांडला तर नाही?"

ते एकदा निघालं आणि मग सगळ्यांनाच आठवायला लागलं. परवा बाण पायरीपाशी ठेवला होता. परवा कामपुन भात घेऊन आली होती. तिच्या दोन्ही हातांत टोपल्या होत्या. टोपल्या असताना बाई वळसा कशी घालेल?

कामपुनला बोलावलं. ती पायरीखाली उभी राहिली.

"मी मागनं आले," ती म्हणाली. "हळदीच्या वाफ्यातनं. पायाला चिखल लागला म्हणून शिव्या पण घातल्या मी. इथं होते की सगळे."

"सुबान, तू पायरीवरच बसला होतास," मुखिया म्हणाला. "तू सांग. हिनं ओलांडला का?"

सुबाननं तिला वाफ्यातून येताना पाहिलं होतं. शिव्याही ऐकल्या होत्या. 'नाही' एवढा एक शब्द म्हणायचा होता. पण 'नाही' म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग काय झालं? आणि त्याचं उत्तर घरी जिन्याखाली पडलेलं होतं.

"मला... मला नीट दिसलं नाही," तो म्हणाला.

कामपुन त्याच्याकडे बघत राहिली. मग टोपली उचलून निघून गेली.

तिला कुणी दंड केला नाही, कुणी शिवी दिली नाही. त्या गावात तसं करत नाहीत. नुसती थट्टा सुरू झाली. "कामपुन, पाय सांभाळ गं, इथं माझी फटफटी उभी आहे." पाऊस त्या साली वीस दिवस उशिरा आला, त्या वीस दिवसांत थट्टेतलं हसू आटत गेलं. लावणीच्या आधी लोक घरात पूजा करतात, त्या पूजेची कोंबडी तिच्याकडून घेणं बंद झालं. मग रोजचीही कमी झाली.

सुबान रोज घ्यायला लागला. कामावरून येताना एक, कधी दोन. कामपुन न बोलता पानात बांधून द्यायची. आठवडाभरानं म्हणाली, "पोरी आजारी पडतील रोज कोंबडी खाऊन."

"आवडते त्यांना."

"हं," ती म्हणाली, आणि काडीवरचा निखारा झटकला.

वान्दीला बघायला गाव ट्रक भरून गेलं. सुबाननं आंबे घेतले होते. वान्दी स्वभावानं मोकळा, हातभर पांढऱ्या पट्ट्यांतूनही हसला. "या या, तूच ना तो कोराटचा? तुझा काय दोष, बाबा. तुमच्या गावातली कोण बाई ओलांडून गेली म्हणे. एवढा बाण केलास आणि मातीत घातला तिनं." सुबाननं त्याच्या डोक्याखालची उशी नीट केली.  परतताना लोक गप्पा मारत होते. तो ट्रकच्या कडेला वाकून ओकला. गाडी लागली, असं म्हणाला.

बायकोलाही त्यानं सांगितलं नाही. लामदुआननं सरपण काढताना तो तुकडा पाहिला असेल का, की तसाच चुलीत घातला असेल, त्यानं कधी विचारलं नाही. एक दिवस जिन्याखाली बघितलं तर तो नव्हता. त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याची रात्रभर शिसारी येत राहिली.

असे अकरा महिने गेले. पुढच्या बाणांची बैठक भरली, तेव्हा मुखिया म्हणाला, "या वर्षी कामपुनला आधीच सांगू या का? बाण सुटेपर्यंत विहारात येऊ नकोस म्हणून. गोडीत सांगू. सुबान, तूच जा. तू रोजचं गिऱ्हाईक, तुझं ती ऐकेल."

सुबान गेला. फाटकाशी धुरात कामपुन बसली होती. तो समोर उभा राहिला आणि तोंड उघडेना. तिनंच वर पाहिलं.

"निरोप घेऊन आलास ना?"

"ताई..."

"सांग त्यांना, नाही येत. एवढं ओझं वाटलं होय सांगायला?" तिनं एक कोंबडी पानात बांधली. "ही घे. नेतोस ना रोज?"

ती कोंबडी हातात घेऊन तो घरी गेला नाही, ओन आजोबांकडे गेला. आजोबा पडवीत बसून हातानंच बांबूची पाती सोलत होते; डोळे आता जवळजवळ गेलेच होते.

"आजोबा, शेपूट मी कापली होती. दोन हात."

आजोबांचे हात थांबले. 

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "माचावर चढवताना मी हात फिरवला होता. दिसत नसलं तरी हाताला कळतं. टोक ओलं होतं, ताजं. माती लावली होतीस."

 "मग थांबवलं का नाही?"

"तेच मी पण विचारतो स्वतःला." आजोबांनी पाती खाली ठेवली. "मला वाटलं, जाऊ दे. पडेल खाचरात, हसतील लोक, मग कळेल याला की म्हातारा नऊ हात का म्हणतो. चार लोकांत तुझी जिरावी असं वाटलं मला. माणूस भाजेल असं नाही वाटलं. पन्नास वर्षं बाण केलेल्या माणसाला तेवढं सुचू नये? आणि मग त्या पोरीला पायरीखाली उभी केली, तेव्हा मीही खांबाला टेकून गप्प बसलो. तू निदान तोंड तरी उघडलंस. खोटं बोललास, पण उघडलंस."

दुसऱ्या दिवशी दोघे मंडपात गेले. सुबान पुढे, त्याच्या खांद्यावर हात ठेवून आजोबा मागे. सुबाननं उभ्यानंच सांगितलं. आरी, दोन हात, पुन्हा टांगलं नाही, कामपुनताईला वाफ्यातून येताना पाहिलं होतं, आणि तरी नीट दिसलं नाही म्हणालो. शेवटचं वाक्य तो दोनदा म्हणाला. मग आजोबांनी आपलं सांगितलं.

 एक जण चुळबुळत म्हणाला, "बरं, झालं गेलं..." मुखियानं त्याला हातानं गप्प केलं आणि कामपुनला बोलवायला माणूस पाठवला. ती आली, आणि पुन्हा पायरीखालीच उभी राहिली. वर या म्हटलं तरी चढली नाही. सुबान खाली उतरला, तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला, हात जोडले आणि पुन्हा सगळं सांगितलं.

कामपुननं ऐकून घेतलं. रडली नाही, ओरडलीही नाही.

"कापायला किती वेळ लागला होता?" तिनं विचारलं.

"मिनिटभर."

"आणि सांगायला वर्ष." ती मंडपातल्या पुरुषांकडे वळली. "आणि तुम्ही सगळे? मी शिव्या घालत आले ते तुम्ही बारा जणांनी ऐकलं होतं. बारा जणांना नीट दिसलं नाही?"

 कामपुन आली तशी गेली. चुलीवर कोंबडी होती तिची.

नंतर सुबान एकटाच वान्दीकडे गेला. वान्दीची दोन बोटं आता मिटत नव्हती, गिअर टाकायला पोरगा शेजारी बसवावा लागायचा. त्यानं सगळं ऐकलं आणि पहिल्यांदाच तो सुबानकडे बघून हसला नाही. "मी त्या बाईला नाही नाही ते बोललो रे," म्हणाला. "गावोगाव सांगत फिरलो." मग आत निघून गेला. चहा विचारला नाही.

त्या वर्षी सुबाननं बाण केला नाही, त्यानंतरही कधी नाही. पण ओन आजोबांनी त्याला सोडला नाही. टांगायची दोरी त्याच्या हातात दिली. आता माचावर चढायच्या ऐन आधी प्रत्येक बाण तो पुन्हा टांगतो, पुन्हा हातानं मोजतो. माणसांना अडवायची दोरी आधी होती त्याच्या तिप्पट लांब नेऊन बांधतो, ट्रक तर पार रस्त्यापलीकडे. तरणी पोरं वैतागतात. "काय जावईबापू, आम्ही दुर्बिणी आणायच्या का आता?" तो ऐकून घेतो. मागल्या साली दोन बाण त्यानं परत पाठवले. एका पोराचा बाप दोन महिने त्याच्याशी बोलला नाही.

आजोबा वारले त्याला सहा वर्षं झाली. कामपुननं दुकान तिठ्यावर हलवलं, तिथं तिचं चांगलं चालतं. पौर्णिमा-अमावास्येला, उपोसथाच्या दिवशी, विहारात येते, लामदुआनशी बोलते. बाण करणाऱ्यांना जेवण मात्र ती पुन्हा कधी घेऊन आली नाही; पुरुष आपापला भात घरून आणतात. बाईनं ओलांडू नये हा नियम अजून आहे. आल्यागेल्याला कुणी ना कुणी तो सांगतो. फक्त सुबान बसला असेल तर सांगत नाही.

दरसाल पहिल्या दिवशी नवी पोरं मंडपात येतात, तेव्हा तो त्यांना हे सगळं सांगतो. चिखलाचा भाग आला की पोरं हसतात. तो थांबतो, हसू संपू देतो आणि पुढे सांगतो. मग पायरीपाशी येतो. तिथं त्याची नजर खाली जाते आणि कान लाल होतात. एकदा कुणीतरी म्हणालं, "दरसाल सांगून हलकं वाटत असेल, नाही मामा?"

"नाही," सुबान म्हणाला. "दरसाल तसंच वाटतं."